हुकूमशाहीचे पहिले पन्नास दिवस

दरवर्षी जूनच्या अखेरीस आणीबाणीची आठवण निघते आणि ती बहुतेकदा एका रात्रीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली, दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज गेली, जयप्रकाश नारायण यांना पहाटे उठवून नेले, सकाळी आकाशवाणीवर पंतप्रधानांचे भाषण झाले. गोष्ट खरी आहे, पण अपुरी आहे. सत्ता एका रात्रीत बळकावता येते. ती पक्की व्हायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत जे घडते ते बहुधा कंटाळवाणे असते: वटहुकूम, परिपत्रके, दुरुस्ती विधेयके, टिपणे, सह्या. एकाधिकारशाहीचा खरा इतिहास या कंटाळवाण्या कागदांत आहे, असे माझे म्हणणे आहे. आणीबाणीच्या घोषणेपासून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती होईपर्यंत ४६ दिवस गेले. हिटलर चॅन्सेलर झाल्यापासून जर्मन संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार त्याच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकेपर्यंत ५२ दिवस गेले. या दोन राजवटी सारख्या नव्हत्या आणि तो फरक लहान नाही. त्याकडे पुढे येऊच. पण दोन्हीकडचे हे पहिले पन्नास दिवस शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर कोणता कागद कुठे अडवता आला असता आणि तो कोण अडवू शकले असते, हे स्पष्ट दिसू लागते.

हिटलरला जर्मन जनतेनेच निवडून दिले, हे वाक्य आपल्याकडच्या वादांत हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षाला ३७ टक्क्यांच्या वर मते होती. नोव्हेंबरमध्ये ती ३३.१ टक्क्यांवर उतरली. ५८४ पैकी १९६ जागा मिळवणारा तो सर्वांत मोठा पक्ष होता खरा, पण बहुमतापासून दूर आणि उतरणीला लागलेला. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरला चॅन्सेलरपद दिले ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, फ्रांझ फॉन पापेन आणि त्यांच्या भोवतीच्या परंपरावादी राजकारण्यांच्या सल्ल्यावरून. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन. बाकीची खाती अनुभवी, घरंदाज मंडळींकडे. या माणसाला आपण चौकटीत ठेवू, असा त्यांचा हिशेब होता. पण उरलेल्या दोघांपैकी फ्रिककडे देशाचे गृहखाते होते आणि ग्योरिंगच्या ताब्यात प्रशियाचे. प्रशिया हा जर्मनीचा निम्म्याहून मोठा भाग. तिथले पोलीस ज्याचे, रस्ते त्याचे. शिवाय प्रशियाचे लोकशाही सरकार सहा महिन्यांपूर्वीच, जुलै १९३२ मध्ये, खुद्द पापेन यांनी वटहुकमाच्या बळावर हटवले होते. हत्यार आधीच्यांनी घडवून ठेवले होते. नव्या माणसाला ते फक्त उचलायचे होते.

त्यानंतर कागद एकामागून एक निघाले. ४ फेब्रुवारीच्या वटहुकमाने सभा आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. २२ फेब्रुवारीला प्रशियात सुमारे पन्नास हजार साहाय्यक पोलीस नेमले गेले, त्यांत मोठा भरणा नाझींच्या स्वतःच्या दलांचा. २७ तारखेच्या रात्री राइशस्टागची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी 'जनता आणि राष्ट्राच्या संरक्षणासाठी' वटहुकूम आला. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा, संघटना, पत्रांची गुप्तता, घर आणि मालमत्ता यांची घटनात्मक हमी पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित झाली. हे सारे वायमार घटनेच्या ४८ व्या कलमाखाली, म्हणजे आधीच्या सरकारांनीही सर्रास वापरलेल्या तरतुदीखाली झाले. ती पुढील सूचना १९४५ पर्यंत आली नाही. इतके करूनही ५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्केच मते मिळाली. बहुमतासाठी मित्रपक्षाच्या आठ टक्क्यांचा टेकू लागला. २३ मार्चला क्रोल ऑपेराच्या सभागृहात संसद भरली तेव्हा कम्युनिस्टांचे ८१ सदस्य अटकेत, भूमिगत किंवा परागंदा होते आणि आत-बाहेर गणवेशधारी उभे होते. विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याला हजर धरावे, असा नियमही आधी करून घेतला होता, म्हणजे गणसंख्येचा प्रश्न उरणार नाही. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे १२० पैकी ९४ सदस्य पोहोचू शकले, त्या सर्वांनी विरोधात मत दिले आणि त्यांच्या वतीने ओटो वेल्स बोलले. बाकी सर्वांनी होकार दिला: ४४४ विरुद्ध ९४. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने आश्वासनांवर विश्वास ठेवून हात वर केला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या पक्षाला स्वतःलाच विसर्जित करून घ्यावे लागले. कायद्याची मुदत मात्र कागदावर चारच वर्षे होती.

यापुढची चाल आणखी वेगवान होती, कारण आता अडवणारे कोणी उरले नव्हते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच घटक राज्यांची सरकारे एकेक करून ताब्यात घेतली गेली होती. ९ मार्चला बव्हेरियासुद्धा. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा अधिकाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढण्याची सोय झाली. १ मे हा कामगारांचा दिवस सरकारी सुट्टीने थाटात साजरा झाला आणि २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर कब्जा झाला. १४ जुलैला नाझी पक्षाखेरीज दुसरा पक्ष काढणे गुन्हा ठरला. या काळात रस्त्यावर मारहाण होती, दाखाउची छावणी मार्चमध्येच उघडली होती. दहशतीशिवाय हे झाले असते असे कोणी म्हणणार नाही. पण दहशतीने माणूस गप्प बसतो. दप्तरातले काम आपोआप होत नाही. नोकरीतून कोणाला काढायचे याच्या याद्या कारकुनांनी केल्या, बडतर्फीच्या पत्रांवर खातेप्रमुखांनी सह्या केल्या, नव्या विशेष न्यायालयांत जुनेच न्यायाधीश बसले. जानेवारीत नाझी पक्षाचे सदस्य साडेआठ लाखांच्या आसपास होते. मेपर्यंत ते पंचवीस लाखांवर गेले आणि शेवटी पक्षालाच नवी भरती थांबवावी लागली. नव्याने आलेल्या या लोकांत शिक्षक आणि सरकारी नोकर मोठ्या संख्येने होते. त्यातल्या बहुतेकांना हिटलरने धमकावले नव्हते. वारा ओळखून ते आपणहून आले होते.

आता आपल्याकडचे ४६ दिवस पाहू. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या रात्री ३५२ व्या कलमाखाली 'अंतर्गत अशांतते'चे कारण देऊन आणीबाणी पुकारली गेली. देशात १९७१ च्या युद्धापासून एक आणीबाणी आधीच चालू होती आणि विनाचौकशी स्थानबद्धतेचा 'मिसा' कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे इथेही हत्यार आधी घडलेले होते. मंत्रिमंडळाला घोषणा कळली ती राष्ट्रपतींच्या सहीनंतर, २६ जूनच्या पहाटेच्या बैठकीत, आणि तिथे कोणी विरोध नोंदवला नाही. २७ जूनच्या आदेशाने १४, २१ आणि २२ या कलमांखालच्या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. २९ जूनच्या वटहुकमाने 'मिसा'खाली धरलेल्याला कारण सांगण्याचे बंधन काढून टाकले. ४ जुलैला २६ संघटनांवर बंदी आली. संसद भरली तेव्हा विरोधकांतले बरेच सदस्य तुरुंगात होते. १ ऑगस्टला ३८ वी घटनादुरुस्ती झाली: आणीबाणीची घोषणा न्यायालयात तपासता येणार नाही. पंतप्रधानांच्या निवडणुकीचे अपील ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयापुढे यायचे होते. त्याआधी ३९ वी दुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत आणि ८ ला राज्यसभेत मंजूर झाली, ९ तारखेला राज्यांच्या विधानसभांनी तिला संमती दिली आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. चार दिवसांत घटना बदलली. नियमाप्रमाणे लागणारी प्रत्येक पायरी चढली गेली. फक्त विचार करायला वेळ कोणत्याच पायरीवर ठेवला नव्हता.

हे सारे कागद दिल्लीत निघाले, पण ते अमलात आले जिल्ह्याजिल्ह्यांत. स्थानबद्धतेचा आदेश पंतप्रधान काढत नसत. त्यावर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांची सही लागे आणि या व्यक्तीला धरणे आवश्यक आहे अशी आपली खात्री झाल्याचे त्या अधिकाऱ्याला लिहावे लागे. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे जे आले त्यातून दिसले, की ही खात्री पुष्कळदा वरून आलेल्या नावांच्या यादीपुरतीच होती. आयोगाच्या आकडेवारीप्रमाणे एकवीस महिन्यांत 'मिसा' आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून एक लाख दहा हजारांवर माणसे धरली गेली. येरवड्याच्या तुरुंगात संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते आणि संघाला आयुष्यभर विरोध करणारे समाजवादीही. त्यांना आत पाठवणाऱ्या सह्या मात्र कोणा पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या नव्हत्या. त्या स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्या, घटनेची शपथ घेतलेल्या अधिकाऱ्यांच्या होत्या. नैतिक वजनही उसने घेतले गेले. जर्मनीत २१ मार्चला पॉट्सडॅमच्या चर्चमध्ये हिटलर वृद्ध हिंडेनबुर्गपुढे झुकला आणि जुन्या प्रतिष्ठेची मोहोर नव्या सत्तेवर उमटली. आपल्याकडे पवनारला वर्षभराचे मौन पाळणाऱ्या विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारने फलकांवर रंगवले. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असे विनोबांकडून पुढे सांगितले गेले. तोवर फलक गावोगाव लागले होते.

मग दोन्हींत फरक कुठे पडला? आपल्याकडे काही कागद अडले. इथे महाराष्ट्राची नोंद अभिमानाने वाचण्यासारखी आहे, पण ती नेमकेपणाने वाचायला हवी. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचा काही मजकूर सेन्सॉरने नाकारला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठाने मसानींच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केले, की सेन्सॉरचे अधिकार मर्यादित कारणांसाठी आहेत. सरकारवरची टीका दाबण्यासाठी ते वापरता येणार नाहीत. वकिलांनी बंदिस्त सभागृहात घ्यायचे ठरवलेल्या सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली, तो आदेशही याच न्यायालयाने रद्द केला. पुण्याचे 'साधना' साप्ताहिक सेन्सॉरशी झुंजत राहिले. डिसेंबर १९७५ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या कराडला साहित्य संमेलन भरले तेव्हा यशवंतराव केंद्रात मंत्री होते. तरी अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यावरच्या घाल्याबद्दल आणि आजारी जयप्रकाशांबद्दल उघड बोलायचे सोडले नाही. पुढच्या वर्षी त्यांना मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून अटक झाली. लोकसभेची मुदत पाच वर्षांच्या पुढे ताणली गेली, तेव्हा तुरुंगात असलेल्या मधू लिमये यांनी, ज्या मुदतीसाठी मतदारांनी निवडले ती संपली असे म्हणत खासदारकीचा राजीनामा दिला. या प्रत्येक प्रसंगात कोणीतरी आपल्या जागेवरून एकच गोष्ट विचारली आहे: हे कोणत्या अधिकाराने? देशभरातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेण्याची तयारी दाखवली होती. गुजरात आणि तमिळनाडूत काही महिने विरोधी सरकारे होती, तिथे भूमिगतांना थारा मिळाला. जर्मनीत असे कोपरे मार्च १९३३ संपण्यापूर्वीच बुजवले गेले होते.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: आणीबाणीची तुलना नाझी राजवटीशी करणे म्हणजे साठ लाख ज्यूंच्या हत्येला क्षुल्लक करणे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. इंदिरा गांधींकडे वंशद्वेषाचे तत्त्वज्ञान नव्हते, खासगी सेना नव्हती, शेजारी देश गिळण्याचा बेत नव्हता आणि शेवटी निवडणूक त्यांनीच घेतली. १९४१ च्या जर्मनीशी १९७५ च्या भारताची तुलना करणारा इतिहास जाणत नाही. पण इथे तुलना शेवटाची नसून सुरुवातीची आहे. मार्च १९३३ मध्ये क्रोल ऑपेरात हात वर करणाऱ्या सेंटर पक्षाच्या सदस्यांनाही पुढची बारा वर्षे दिसत नव्हती. त्यांच्यापुढे एक विधेयक, काही आश्वासने आणि एक अवघड संध्याकाळ होती. शेवट भयंकर झाला म्हणून सुरुवात वेगळी दिसत असेल, या समजुतीतच धोका आहे. सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते: एक संकट, एक तात्पुरती तरतूद आणि न्यायालयाला थोडे बाजूला ठेवण्याची विनंती. दुसरा आक्षेप असा, की जर्मनीत व्हर्सायचा अपमान आणि साठ लाख बेकार होते, आपल्याकडे तसे काही नव्हते. बेकारी आणि अपमान यांनी नाझींना मते मिळवून दिली हे खरे. पण सत्तेवर आल्यावर ती पक्की कशी झाली, याचे उत्तर त्यांत नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये बेकारी होतीच आणि तरी मते घसरत होती. मतांनी त्यांना दारापर्यंत आणले. दार उघडले आणि मागून बंद केले ते कायद्याच्या माणसांनी.

तिसरा आक्षेप बोलण्यात अधिक आढळतो: काही म्हणा, त्या दिवसांत गाड्या वेळेवर येत होत्या, कचेरीत बाबू जागेवर सापडत होते. शिस्तीची ही आठवण सांगणारे बहुधा शिस्तीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते. ज्या यंत्रणेला कोणी जाब विचारू शकत नाही ती पहिले काही महिने चपळ दिसते, हे खरे आहे. पण चूक झाली तर ती थांबवणाराही कोणी उरत नाही. कुटुंबनियोजनाचे उदाहरण पुरे. देशात १९७५-७६ मध्ये सुमारे २६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या एका वर्षात तो आकडा ८१ लाखांवर गेला. वरून उद्दिष्ट आले, जिल्ह्याने तालुक्याला वाटले, तालुक्याने शिक्षक आणि तलाठ्याला. प्रत्येकाने आपापला आकडा पुरा केला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण आले याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने, नियमित मतदान करून, नागरिकाच्या शरीरावर सरकारचा अधिकार सांगणारे विधेयक पुढे पाठवले होते, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक स्मरणात जवळजवळ नाही.

चौथा आक्षेप सर्वांत दिलासा देणारा आहे, म्हणून सर्वांत सावधपणे तपासायला हवा: १९७७ मध्ये जनतेने सत्ताधाऱ्यांना घरी बसवले, म्हणजे आपली लोकशाही स्वतःला दुरुस्त करते. मार्च १९७७ चे मतदान खरोखरच मोठी गोष्ट होती. पण ती निवडणूक कोणत्या यंत्रणेने घडवून आणली? कोणत्याच नाही. लोकसभेची मुदत दोनदा वाढवली गेली होती. तिसऱ्यांदा वाढवायला कायदेशीर अडचण नव्हती. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक जाहीर झाली ती सत्ताधाऱ्यांच्या स्वतःच्या निर्णयाने, आणि त्यामागची कारणे आजही वादाची आहेत. जे घडणे शासकाच्या मर्जीवर अवलंबून होते त्याला व्यवस्थेचे यश म्हणता येत नाही. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांचे म्हणणे एका दिवसात पुसले गेले. विरोधी निकाल देणाऱ्या न्या. ह. रा. खन्ना यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केले गेले. बहुमताच्या बाजूला पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला तो २०१७ मध्ये, ४१ वर्षांनी, आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. दुरुस्ती झाली, पण धरल्या गेलेल्यांपैकी कितीजण ती पाहायला उरले होते? खरी टिकाऊ दुरुस्ती झाली ती ४४ व्या घटनादुरुस्तीने: 'अंतर्गत अशांतते'ऐवजी सशस्त्र उठावाची अट, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला, एका महिन्यात संसदेची दोन तृतीयांश संमती आणि २० व २१ ही कलमे कधीही स्थगित न करण्याची हमी. यातली प्रत्येक तरतूद पहिल्या पन्नास दिवसांवर नेम धरून केलेली आहे. जनता सरकारच्या काळातल्या त्या संसदेला रोग नेमका कुठे आहे हे कळले होते.

हा सगळा इतिहास आज हिंजवडीत, माणमध्ये, मारुंजीत राहणाऱ्याने का वाचावा? कारण एकहाती कारभाराचा मोह तिथे अगदी रास्त कारणाने जन्मतो. मुळशी तालुक्यातल्या या गावांत एमआयडीसी, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, पीएमआरडीए, सार्वजनिक बांधकाम खाते आणि पिंपरी-चिंचवडचे पोलीस असे अनेक कारभारी आहेत. रस्ता तुंबला, पाणी साचले, की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी सगळे अधिकार एका खमक्या अधिकाऱ्याला द्या, ही मागणी उठते, आणि एका रस्त्याला एक जबाबदार यंत्रणा असावी इतकाच तिचा अर्थ असेल तर ती योग्यच आहे. अधिकार एकत्र करणे वेगळे आणि त्या अधिकाराला जाब विचारणारा काढून टाकणे वेगळे. ही रेघ किती सहज पुसट होते याचा अनुभव याच परिसराने घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची आणि पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या न्यायालयीन गुंत्यात निवडणुका वर्षानुवर्षे पुढे गेल्या. ही हुकूमशाही नव्हती. न्यायालये उघडी होती, वर्तमानपत्रे लिहीत होती. पण एक तात्पुरती व्यवस्था वर्षानुवर्षे चालली आणि अंदाजपत्रक सभागृहाच्या चर्चेविना मंजूर होत राहिले, तरी बहुतेक सुशिक्षित नागरिकांच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही. हा सराव मला काळजीचा वाटतो. तात्पुरत्या गोष्टीची मुदत कोणी विचारत नाही, हे ज्या दिवशी एखाद्या महत्त्वाकांक्षी माणसाच्या लक्षात येते, त्या दिवशी त्याचे निम्मे काम झालेले असते.

शिवाय हिंजवडी हे माहितीवर जगणारे गाव आहे, आणि माहितीचे तंत्र १९३३ मध्येही निष्पाप नव्हते. १६ जून १९३३ रोजी जर्मनीत जनगणना झाली. तिच्या प्रश्नांत धर्माची नोंद होती. प्रशियातल्या चार कोटींहून अधिक लोकांच्या नोंदी छिद्रपत्रांवर उतरवण्याचे काम आयबीएमची जर्मन उपकंपनी डेहोमागने केले. छिद्रे पाडणाऱ्या कामगारांना आपण काय करतो आहोत असे वाटले असेल? बहुधा मुदतीत काम संपवतो आहोत, इतकेच. आजच्या संगणक अभियंत्याच्या हातात त्या यंत्रांच्या कितीतरी पट ताकद आहे, आणि राजकारणाशी आपला संबंध नाही हे वाक्यही त्याच्या तोंडी अधिक सहज येते. ज्या वर्गाने कागद पुढे सरकवले तो वर्ग जर्मनीत आणि आपल्याकडेही असाच होता: शिकलेला, कामात चोख, नियम पाळणारा, नोकरी जपणारा. त्याला वाईट म्हणून भागणार नाही, कारण तो आपणच आहोत.

म्हणून असामान्य अधिकार मागणाऱ्या कोणत्याही सरकारला, पक्ष कोणताही असो, तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात विचारायला हव्यात. अधिकार नेमक्या कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली वापरला जातो आहे? तो कोणत्या तारखेला संपणार आहे? आणि ज्याच्यावर तो वापरला गेला त्याने दाद कोणाकडे मागायची? जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर महाराष्ट्रात जो वाद झाला, त्यात समर्थक नक्षली संघटनांचा धोका सांगत होते आणि विरोधक व्याख्या फार सैल असल्याचे. दोन्ही बाजूंच्या घोषणा बाजूला ठेवून या तीन प्रश्नांवर त्यातले एकेक कलम तपासणे, हे नागरिकाचे काम आहे, आणि हीच तपासणी केंद्राच्या, राज्याच्या, आजच्या आणि उद्याच्या प्रत्येक कायद्याला लागू व्हायला हवी. आपल्या आवडत्या पक्षाने केलेल्या कायद्याला तर आधी, कारण ते हत्यार पुढे कोणाच्या हाती जाईल हे पापेन यांनाही कळले नव्हते. सुरुवातीच्या दिवसांत हे प्रश्न विचारायला वीरपुरुष लागत नाही. सभागृहातला सदस्य, टिपण लिहिणारा अधिकारी, अर्ज ऐकणारा न्यायाधीश, बातमी लावणारा उपसंपादक, प्रणाली बांधणारा अभियंता यांपैकी कोणीही ते नोकरी न गमावता विचारू शकतो. सहा महिन्यांनी त्याच प्रश्नाला तुरुंगाची तयारी लागते, आणि मग तो विचारणारे दुर्गाबाई किंवा मधू लिमये यांच्यासारखे मोजकेच उरतात. आपल्या स्वातंत्र्याचे रक्षण अशा मोजक्यांच्या शौर्यावर सोपवणारा समाज स्वतःचे काम त्यांच्या गळ्यात घालत असतो.